गारंबीची गोष्ट आणि हळदीकुंकवाची यादी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आवडलेल्या एका पुस्तकावर दोन शब्द बोलावे, असे आपण मला सांगितलेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकाचे गुणदोष पंडितांप्रमाणे मला सांगता येणार नाहीत. पण दुपारची कामे आटोपली की वाचायची सवय आहे, आणि वाचलेले मनात घोळत राहते. तेवढ्याच बळावर बोलते.

पुस्तक म्हणजे श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' ही कादंबरी. ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. पुढे तिचे नाटक झाले, १९८० साली चित्रपटही निघाला. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. जन्म १९१३ चा. पोटासाठी मुंबईत राहिले, बेस्टमध्ये नोकरी केली. पण लिहिले ते आपल्या मुलखातल्या माणसांविषयी.

समुद्राकडचा मुलूख आणि प्रेमाची गोष्ट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माड, वाळू आणि मावळता सूर्य येतो. आपल्या धरणाच्या चौपाटीवर रविवारी शहरातली जोडपी येतात, कणीस-भजी खातात, पाण्याकडे पाहतात आणि म्हणतात, "काय सुरेख गाव आहे!" त्यांचे चूक नाही. पण दिवेलागणीला ती परत जातात. गावात राहणाराला पाण्याबरोबर शेजाऱ्यांची तोंडेही रोज पाहावी लागतात. पेंडशांच्या गोष्टीत पोफळीच्या बागा आहेत, तसे बागांआडून पाहणारे डोळेही आहेत.

बापू गरीब ब्राह्मणाचा मुलगा. व्रात्य, कोणाला न जुमानणारा. राधा गुरवीण. दोघांचे मन जुळते आणि बापू तिच्याशी उघडपणे संसार मांडतो. गाव खवळते. पुढे सुपारीच्या व्यापारात बापूला पैसा मिळतो, आणि त्याला नावे ठेवणारे गाव त्याला मान देऊ लागते.

मला खुपले ते येथे. राधा तीच होती, बापूही तोच होता. घरात पैसा आला, एवढाच फरक. मग आधीचा धर्म-अधर्म कोठे गेला? आणि ज्यांच्याकडे पैसा येत नाही, त्यांनी जन्मभर दाराबाहेरच राहायचे काय?

भगिनींनो, आता वाळीत टाकणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला व तो २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण माझ्या नात्यातल्या एका मुलीची हकीकत ऐका. तिने जातीबाहेर लग्न केले. दोघेही कष्टाळू, संसार नेटका. तीन संक्रांती झाल्या, तिच्या आळीतून तिला हळदीकुंकवाचे बोलावणे नाही. कोणी भांडले नाही, कोणी वाकडा शब्द काढला नाही. यादीत तिचे नाव तेवढे नसते. मुलगी मला म्हणाली, "मावशी, संक्रांतीला मी दार लावूनच बसते. बायका शेजारी जाताना दिसल्या की जीव कासावीस होतो."

आता अशा गोष्टीसाठी फौजदाराकडे कोण जाणार? आणि ती यादी पुरुष करीत नाहीत. ती आपणच बायका करतो.

कोणी वडीलधाऱ्या म्हणतील की, अशाने रीतभात राहणार नाही. त्यांचा मान ठेवून मी विचारते, संक्रांतीला तिळगूळ देऊन आपण गोड बोला म्हणतो, मग त्याच दिवशी एक घर वगळून पुढे जाणे कोणत्या रीतीत बसते?

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. येत्या संक्रांतीची यादी आडनावे पाहून न करता घरे मोजून करावी. आणि वस्तीत नवी आलेली सून कोणत्याही जातीची असो, मंडळातल्या दोघींनी तिच्या घरी जाऊन तिला बोलावून आणावे.

कादंबरीची माझी प्रत मी मंडळाच्या कपाटात ठेवीत आहे. पाळीपाळीने न्यावी, जरूर वाचावी.