भांडं आधी पाहावं

दूध ओतण्यापूर्वी घरातली जाणती बाई पातेलं पाहून घेते. ताक लागलेल्या पातेल्यात दूध तापवलं तर ते नासतं आणि बोल मात्र गवळ्याला लागतो. उंचावरील हवा मोजताना शास्त्रज्ञांची अशीच फसगत झाली होती.

जमिनीलगत प्राणवायूचे अणू जोडीने राहतात. सुमारे शंभर किलोमीटरच्या वर सूर्याचे अतिनील किरण या जोड्या फोडतात. दोनशे किलोमीटरच्या पुढे तर सुट्या अणूंचेच राज्य. तिथली हवा तपासण्यासाठी अग्निबाणातून ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ हे यंत्र पाठवतात. ते वायूच्या कणांना विद्युत्‌भार देते आणि वजनाप्रमाणे वेगळे करते. सुटा अणू १६ वर दिसतो, जोडी ३२ वर.

पण सुटा अणू भारी चंचल! यंत्राच्या भिंतीवर आदळला की तो तिथेच चिकटतो, नाहीतर दुसऱ्या अणूशी जोडी जमवतो. मग यंत्र सांगते, सुटे थोडे, जोड्या पुष्कळ. हवेच्या विरोधाने उपग्रहांच्या कक्षा आकसतात. त्यावरून काढलेली हवेची घनता १९६० नंतरच्या काही वर्षांत यंत्राच्या आकड्यांहून जास्त भरू लागली. कुठंतरी चुकत होतं. शिवाय जमिनीवर असताना यंत्रात मुरलेली पाण्याची वाफही वर गेल्यावर बाहेर पडे आणि मापात मिसळे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे आल्फ्रेड नीर यांनी कण भिंतीला न लागता आत यावेत असे उघड्या तोंडाचे यंत्र वापरले. डिसेंबर १९७३ मध्ये सोडलेल्या ‘अ‍ॅटमॉस्फिअर एक्स्प्लोरर-सी’ या उपग्रहावर आणखी एक युक्ती साधली. उपग्रह सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर धावतो, म्हणून थेट आलेला कण त्याच वेगाने आत शिरतो. भिंतीवर आपटलेला मंदावतो. वाटेत विजेचा बांध घातला की मंद कण अडतो, वेगवान पार होतो. अस्सल आणि बाटलेला असा निवाडा झाला.

शिक्षकबंधूंनो, वाटीभर कढत पाण्यात गार थर्मामीटर बुडवा. तो स्वतःच पाणी थोडे निववतो आणि मग आकडा सांगतो. मुलाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर लगेच त्याला रागावू नका. दोघं मिळून आधी भांडं पाहा; उगाच गवळ्याला बोल नको.