चूल न पेटवता केलेली डाळ

(खोडद येथे उन्हाळी मेळाव्याच्या तयारीसाठी झालेल्या बैठकीतील भाषण)



मांडव ठरला, गाणी ठरली. आता खाण्याचं बोलू. दरवर्षी आपण भजी ठरवतो, आणि चार-पाच बहिणी भर उन्हात दुपारपासून मांडवामागे चुलीपाशी बसतात. त्या कोण असतात, हे तुम्हाला माहीत आहे. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातून कांदा काढायला, टोमॅटो तोडायला इकडे आलेल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांतल्या. आपण त्यांना पाहुण्या म्हणून बोलावतो आणि त्यांच्या हातात झारा देतो. मार्थेची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, पण तिचं काम कमी कसं करायचं हे कुणी बोलत नाही.

म्हणून यंदा चूल पेटवूच नये, असं मी सुचवते. आंबेडाळ करू या. चैत्रात हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर देतात तीच, कैरीची डाळ. शहरात ज्याला डिप म्हणतात आणि काकडी-गाजराच्या फोडी बुडवून खातात, त्याच जातीचा हा पदार्थ, फक्त आपल्या आज्यांना तो आधीपासून येत होता. दुसऱ्यांच्या सणाचं खाणं आपण का करावं, असं कुणी विचारेल. डाळ शेतात पिकते आणि कैरी झाडाला लागते, एवढंच माझं उत्तर. फरक करायचा तो बोलावण्यात करू. हळदीकुंकवाला विधवेला न बोलावण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. आपल्याकडे तिला पहिल्या रांगेत बसवायचं.

आता कृती. तीस-पस्तीस माणसांना १ किलो हरभऱ्याची डाळ पुरते. डाळ निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन चार-पाच तास भिजवायची. रात्रभर नको. या दिवसांत पाण्याला फेस येतो आणि डाळ आंबते. मधे एकदा पाणी बदला, भांडं सावलीत ठेवा. भिजवलेलं पाणी टाकून डाळ पूर्ण निथळा आणि पाट्यावर किंवा मिक्सरवर भरड वाटा. वाटताना पाणी घालू नका. पाणी गेलं की ती डाळ राहत नाही, पीठ होतं. डाळीबरोबरच दहा-बारा हिरव्या मिरच्या, जिरं आणि मीठ वाटा. कैरी फार आंबट असेल तर तीन, नाहीतर पाच मध्यम, किसून घाला. चिमूटभर गूळ चालेल. फोडणीला चूल लागते, म्हणून अर्धी वाटी कच्चं शेंगदाणा तेल आणि हिंग कालवायचा. चटणीवर कच्चं तेल घेऊन भाकरी खाणाऱ्यांना ही चव नवी नाही. हिंग मात्र विसरू नका, कच्ची डाळ पोटाला जड पडते. लहान मुलांना चमचाभरच द्या, तान्ह्यांना अजिबात नको.

गाजर किसून, काकडी चोचवून पिळून, कांदा बारीक चिरून आयत्या वेळी मिसळा. टोमॅटो सगळ्यात शेवटी, बिया काढून. ओलं खोबरं मी मुद्दाम घालत नाही, उन्हात तेच आधी खराब होतं. डाळीत लोह असतं, आणि कच्च्या कैरीतल्या 'क' जीवनसत्त्वामुळे ते अंगी लागायला मदत होते. रक्त कमी असलेल्या बायांसाठी ही जोडी चांगली.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. हरभऱ्याच्या डाळीऐवजी घरात आहे म्हणून राजमा भिजवून वाटू नका. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं, ते नुसतं भिजवून जात नाही, त्याला भरपूर उकळावंच लागतं. वाल-पावटाही शिजवूनच खायचा. डाळ मिळाली नाही तर मोड आलेले मूग चालतील, पण मोड ताजे हवेत आणि स्वच्छ पाण्याने धुतलेले. वास आला तर बिनदिक्कत टाकून द्या. पाणी उकळून गार केलेलं किंवा मेडिक्लोर टाकून ठेवलेलं घ्या, भाज्या धुवायलासुद्धा तेच. कालवणाऱ्याने हात साबणाने धुवायचे. कालवलेली डाळ एका तासाच्या आत संपवायची. उरली तर घरी बांधून द्यायची नाही, यावर कुणी नाराज झालं तरी चालेल.

बरोबर भाकरीचे तुकडे आणि पन्हं. भाकऱ्या प्रत्येक घरातून चार-चार येतील, म्हणजे त्याचीही चूल इथे पेटणार नाही. पन्ह्यासाठी कैरी आदल्या दिवशी उकडून ठेवावी लागेल, ते काम पुरुष मंडळींनी घ्यावं.

कार्यक्रम पाचला आहे. डाळ अकराला भिजत पडली पाहिजे आणि साडेतीनला वाटायला घ्यायची. त्या वेळी वीज असेल याचा भरवसा नाही, तेव्हा दोन पाटे-वरवंटे कुणाकडे आहेत ते आत्ताच सांगा. वाटायला कोण बसणार, त्यांची नावंही आत्ताच लिहून घेऊ. कांदा काढून आलेल्या बहिणींची नावं त्या यादीत नकोत.