संसार कोठे थाटावा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एरंडोल येथे केलेले भाषण)



मी विद्वान नव्हे. याच गावी शाळामास्तरकी करून निवृत्त झालेला आणि अंजनीच्या काठी थोडीशी शेती सांभाळणारा एक सामान्य गृहस्थ आहे. म्हणून शास्त्रार्थाच्या वाटेला न जाता, आपल्या घराघरांत आज उभा असलेला एक साधा प्रश्न मी आपणापुढे मांडणार आहे. तो प्रश्न असा की, नवरा-बायको दोघेही शिकलेली, एकाची उन्नती शहरात आणि दुसऱ्याचा जीव मोकळ्या रानात, अशी स्थिती असता संसार कोठे थाटावा?

आपल्या स्मरणिकेतील वधूवरांची पाने आपण चाळून पाहावीत. उंची, शिक्षण, वेतन, नोकरीचे ठिकाण ही सर्व माहिती तेथे असते. परंतु ‘मला कोणत्या प्रकारच्या जागी राहावयाचे आहे, आणि ते का’ याला तेथे रकाना नाही. पत्रिका जुळते, घराणे जुळते, आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी असे ध्यानात येते की एकाला गच्चीवरचे आभाळ पुरते, तर दुसऱ्याला ते पुरत नाही. मग जो अधिक बोलका, किंवा ज्याचे वेतन अधिक, त्याच्या गावी बिऱ्हाड होते. आणि दुसऱ्याच्या मनाचे काय झाले याची चौकशी कोणी करीत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न पडला नाही, कारण उत्तर जमिनीनेच देऊन ठेवलेले होते. जेथे वावर तेथे घर, आणि घरातील स्त्री-पुरुष दोघेही त्याच वावरात राबत. आता लेकही शिकते, सूनही शिकते. दोन शिक्षणे एका घरात आली म्हणजे दोन गावेही त्या घरात येतात. सरकारदेखील हे ओळखून आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु दोन नोकऱ्यांमधील अंतर सरकार मोजू शकते. माणूस आणि नदी यांच्यामधील अंतर मोजण्याचा नियम कोठेही नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘रानात हिंडणे, डोंगर चढणे हे रिकामपणाचे शौक, पोटाच्या धंद्याशी त्यांची बरोबरी कशी?’ मला हे मान्य नाही. ज्याने भाद्रपदात पद्मालयाची वाट पायी तुडविली आहे, तेथील तळ्यातील कमळे आणि भोवतालची हिरवी झाडी पाहिली आहे, तो हे म्हणणार नाही. जुन्या एरंडोल तालुक्यातील धरणगावीच १८९० साली बालकवी ठोमरे जन्मास आले. या मातीतील काही माणसांना उघड्या आभाळाची ओढ अन्नपाण्यासारखी असते. अशा माणसाला चौथ्या मजल्यावर कोंडून ‘तुला काय कमी आहे?’ असे विचारणे निर्दयपणाचे आहे. परंतु जिने पदवी घेतली, जिच्या हाती विद्या आहे, तिला रानाच्या काठी आणून ‘येथे हवा किती छान!’ असे सांगणे हेही तितकेच निर्दयपणाचे आहे. दोन्ही भुका खऱ्या आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे.

कायद्याने याविषयी काय म्हटले आहे तेही पाहू. पंजाबातील सुनाम येथे शिक्षिका असलेली पत्नी आणि दिल्लीस राहणारा पती यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला होता. पत्नीने नोकरी सोडून पतीच्या गावी यावे, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने १९७८ साली असा निर्णय दिला की, संसाराचे ठिकाण ठरविण्याचा अधिकार एकट्या पतीचा नाही. ते दोघांनी संमतीने ठरवावयाचे. आपल्या घरांत मात्र अजूनही मुलीने मुलाच्या गावी जावयाचे, हेच गृहीत धरले जाते.

थोरामोठ्यांची दोन उदाहरणे सांगतो. पहिले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचे. मुंबईच्या संग्रहालयात त्यांना नोकरी होती. जर्मनीत पक्षिशास्त्राचे धडे घेऊन १९३० साली ते परतले, तो पैशाच्या टंचाईमुळे ती जागाच रद्द झालेली. तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्रकाठी जाऊन राहिले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव झाले. पुढे हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांच्या पाहणीत तंबूतले जीवन पत्कारून तेहमिनाही बरोबर हिंडल्या. १९३९ साली त्या निवर्तल्या. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. सालिम अलींचे नाव आपण सर्व जाणतो. तेहमिनांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी आजपूर्वी ऐकले होते, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

दुसरे उदाहरण डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचे. भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. नागपुरात शिकलेल्या या दोघांनी, जेथे वीज नव्हती आणि पावसाळ्यात वाटा बंद होत, अशा ठिकाणी संसार मांडला. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो दोघांना मिळून. आपण त्यांच्या त्यागाचे गोडवे गातो. पण एक गोष्ट नजरेआड करतो. मंदाकिनीताई भूल देण्याच्या शास्त्रातील डॉक्टर. त्या रानात जितके काम पतीला होते, तितकेच त्यांनाही होते. त्या केवळ पतीच्या मागोमाग गेल्या नाहीत. आपली विद्या बरोबर घेऊन गेल्या आणि ती तेथे वापरली गेली. रानात राहावयास चला, असे जोडीदारास म्हणण्यापूर्वी ‘तेथे तुझ्या हातांना काय काम असेल?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. शहरास चला म्हणणाऱ्यानेही त्याच न्यायाने विचारले पाहिजे की, ‘तेथे तुझ्या जिवाला मोकळी जागा कोठे मिळेल?’

मंडळी, आता मी माझीच गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. जिची ती गोष्ट आहे तिने परवानगी दिली, म्हणूनच सांगतो.

माझा विवाह १९७६ साली झाला. सहधर्मचारिणी रसायनशास्त्राची पदवीधर. १९७८ साली, म्हणजे ज्या वर्षी दिल्लीचा तो निर्णय लागला त्याच वर्षी, पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून तिला नेमणुकीचे पत्र आले. मी येथे शाळेत होतो. सकाळी शाळेपूर्वी वावरात चक्कर, सुटीच्या दिवशी डोंगराकडे, हे माझे आयुष्य. पुण्यास मलाही एखादी शाळा मिळाली असती. पण तो विचार मी मनात येऊच दिला नाही. ते पत्र वाचून मी म्हणालो, ‘वा! तुझी हुशारी सिद्ध झाली.’ इतके बोलून वावरात गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा पत्र फळीवर नव्हते. तिने ते कोठे ठेवले हे मी विचारले नाही. ती काही बोलली नाही, आणि तिचे मौन हीच संमती असे मी समजून चाललो. समजून चालणे माझ्या सोयीचे होते.

पुढे तीस वर्षे संसार चांगला झाला. तिने गल्लीतील कितीतरी मुलींना गणित व शास्त्र शिकविले, एक पैसा न घेता. माझ्या निवृत्तीनंतर बँकेत दोघांच्या नावे खाते उघडण्यासाठी मी फॉर्म भरीत होतो. शिक्षणाच्या रकान्यात तिने ‘बी. एस्सी., रसायनशास्त्र’ असे स्पष्ट सांगितले. पुढचा रकाना व्यवसायाचा. मी ‘गृहिणी’ लिहू लागलो, तर म्हणाली, ‘तो रिकामा राहू द्या.’

त्या दिवशी घरी आल्यावर मी प्रथमच तिला विचारले. उशीर तीस वर्षांचा. ती जे बोलली ते मी येथे तसेच सांगतो : ‘तुम्ही विचारलं असतंत तर मी कदाचित इथेच राहिले असते. मलाही हे गाव आवडलं. पण ‘मी राहते’ असं मला म्हणायचं होतं. ते म्हणायची वेळच तुम्ही येऊ दिली नाही.’

एरंडोलास राहिल्याचे तिला दुःख नव्हते. दुःख होते ते न विचारल्याचे. मी जर विचारले असते, तर तोच निर्णय तिचा झाला असता. न विचारल्याने तो जन्मभर माझा राहिला आणि ओझे मात्र तिने वाहिले.

आपण खानदेशातील माणसे. आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच नवे ठरते. धान्य किती, पैसा किती, कपडालत्ता काय, सारे समोरासमोर बसून बोलावे लागते. ‘गेल्या वर्षी राहिलास, म्हणून यंदाही राहशीलच’ असे कोणताही शेतकरी गृहीत धरीत नाही. माझ्या वडिलांपासून मी हा रिवाज पाळला. शेतातल्या गड्याला मी दरवर्षी विचारीत आलो, ‘यंदा राहणार ना, बाबा?’ आणि जिने माझ्यासाठी गाव स्वीकारले तिला तीस आखाज्यांत एकदाही विचारले नाही. ही लाज मी आज आपणा सर्वांसमोर कबूल करतो.

माझ्या घरी या गोष्टीचा एक उपयोग झाला. आमच्या कन्येने धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिक्षण घेतले. तिची ओढ मातीकडे. जावईबापू पुण्यात संगणकाच्या व्यवसायात. लग्न ठरतानाच तिच्या आईने दोघांना समोर बसवून सांगितले, ‘कुठे राहायचं ते आत्ता बोला, आणि दर आखाजीला पुन्हा बोला.’ ती दोघे तसे करीत आली आहेत. पहिली तीन वर्षे पुण्यास काढावयाची असे ठरले, कारण जावईबापूंच्या कामाला तेव्हा तेथे असणे आवश्यक होते. कन्येने एका कचेरीत मेजावरचे काम पत्करले, पण पेरणीच्या दिवसांत ती येथे शेतावर येत असे. तीन वर्षे संपली तेव्हा नाशिकजवळच्या एका गावी बिऱ्हाड गेले. आता ती द्राक्षबागायतदारांना माती आणि पाणी यांविषयी सल्ला देते. जावईबापू बरेचसे काम घरून करतात आणि आठवड्यातून दोन दिवस पुण्यास जातात.

यात सारे गोडच आहे असे मी म्हणत नाही. जावईबापूंच्या बरोबरीचे लोक पदाने पुढे गेले. येण्याजाण्यात शरीर शिणते. कन्येलाही स्वतःचे वावर हवे होते. ते मिळालेले नाही. यंदाच्या आखाजीला जावईबापूंनी पुण्यास परतण्याचा विषय काढला आहे, आणि तो अजून निकालात निघालेला नाही. परंतु कोणी काय सोडले, किती वर्षांसाठी सोडले, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्या घरात रिकामा रकाना नाही, याचे मला समाधान आहे.

म्हणून माझी तरुण मंडळींना विनंती आहे. लग्नापूर्वीच्या भेटीत हॉटेल कोणते आणि चहा कसा एवढेच बोलून उठू नका. ‘मला रोज काय दिसले पाहिजे, हाती कोणते काम असले पाहिजे, आणि काय नसले तर मी कोमेजून जाईन’ हे मोकळेपणाने सांगा. एकाने माघार घ्यावयाची ठरली, तर तिला मुदत घाला. मुदतीशिवायची माघार म्हणजे हळूहळू विसरलेले कर्ज. घेणारा विसरतो, देणारा विसरत नाही. आणि वेतन कोणाचे अधिक, एवढ्यावर निकाल करू नका.

वडीलधाऱ्यांना एवढेच सांगावयाचे की, ‘सूनबाई येथेच राहील’ किंवा ‘मुलगा आता पुण्याचाच’ अशी वाक्ये त्यांच्या वतीने आपण बोलू नयेत. ज्यांना राहावयाचे त्यांनाच बोलू द्यावे. मंडळाच्या चालकांनाही माझी नम्र सूचना आहे की, पुढील वर्षीच्या स्मरणिकेत वधूवरांच्या माहितीत एक ओळ वाढवावी : ‘कोठे व कसे राहण्याची इच्छा आहे.’ कागद फारसा लागणार नाही.

आणि माझ्या वयाच्या बंधूंना शेवटची विनंती. आता बदली नाही, बढती नाही, बिऱ्हाड हलावयाचे नाही, म्हणून प्रश्न संपला असे समजू नका. आज घरी गेल्यावर, जेवणे झाल्यानंतर, एकदा विचारून पाहा. उत्तर कदाचित ऐकवणार नाही, तरीही ऐकावे. मी ते ऐकले, आणि त्यानंतर आमची पद्मालयाची वाट पुन्हा दोघांची झाली. ती माझ्यापेक्षा हळू चालते. म्हणून आता मीही हळू चालतो.