खनिज शोधणाऱ्या कंपनीत पैसे घालण्यापूर्वी
(विद्यानगर येथील सभेत केलेले भाषण)



सोन्याचा भाव चढला की सोने शोधणाऱ्या लहान कंपन्यांच्या शेअरची चर्चा सुरू होते. त्यासाठी मुदत ठेव मोडणारे लोकही बँकेत येतात. त्यांत निवृत्त माणसे असतात, म्हणून आज हा विषय घेतला.

अशा कंपनीजवळ बहुधा खाण नसते, शोधाचा परवाना असतो. विकायला माल नाही, म्हणून उत्पन्न नाही. जमिनीत खोल भोके पाडून नमुने तपासायचे आणि पैसा संपला की नवे शेअर काढायचे. त्यामुळे जुन्या भागधारकाचा हिस्सा घटत जातो.

आपल्या हैदराबादने हा धडा पूर्वीच घेतला आहे. निजाम सरकारने 1886 मध्ये दिलेल्या खनिज सवलतीवर लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. तिचे 10 पौंडांचे शेअर सरदार अब्दुल हक या अधिकाऱ्याने निजाम सरकारसाठी 12 पौंडांना घेतले. ते त्याचे स्वतःचेच होते, हे पुढे उघडकीस आले! 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली. येल्लंदूचा कोळसा मात्र खरा होता. 1920 मध्ये स्थापन झालेल्या सिंगरेणी कॉलरीजने तोच व्यवसाय पुढे चालवला. म्हणजे जमिनीखाली माल असूनही शेअरमध्ये फसवणूक होऊ शकते.

फसवणूक नसली तरी कायदा आडवा येतो. डेक्कन गोल्ड माइन्सने कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातील गणजूरला सोन्याचा शोध घेतला. 2015 च्या दुरुस्तीने खाणपट्टे लिलावाने द्यायचे ठरले. आधी शोध घेतलेल्यांचा हक्क तेव्हा राखला होता. 2021 च्या दुरुस्तीने प्रलंबित प्रकरणांतला तो हक्कही संपवला. 2023 पासून सोन्यासारख्या खनिजांसाठी वेगळा शोध परवाना आहे. त्यात शोधणाऱ्याला खाण मिळत नाही, पुढच्या लिलावाच्या रकमेतला वाटा मिळतो.

म्हणून तीन प्रश्न विचारा. परवाना कोणता आणि किती मुदतीचा? माल सापडल्यावर हक्क कोणाचा? नवे शेअर कोणाला, कोणत्या भावाने दिले? उत्तर न मिळाल्यास ठेव मोडू नका. मिळाले तरी, बुडाल्यास घर चालेल एवढीच रक्कम घाला.

आणि शोधावर खर्च झाल्यानंतर सरकारने नियम बदलू नयेत, अशी मागणी आपल्या मंडळाने खासदारांकडे करावी, असे मी सुचवतो.