जळक्या वाशांचा क्रूस



मी चित्रकलेचा शिक्षक. तीस वर्षे शाळेत मुलांना एकच सांगत आलो, 'आधी वस्तू नीट बघा, मग पेन्सिल उचला.' माठ काढायला बसलेली मुले माठाकडे बघतच नसत. मनात ठरलेला माठ कागदावर उतरवून मोकळी होत. समोरच्या माठाचा टवका उडालेला असे, तो कुणाच्याच चित्रात नसे. माणसांच्या बाबतीत मीही तेच करत होतो, हे मला निवृत्तीनंतर कळले.

मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. त्या वेळी मी माझ्या धाकट्या भावाशी अकरा वर्षे बोललो नव्हतो. वसईला आमची वाडी आहे. त्या वाडीत वडिलांच्या हातचे बावखल होते, म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारे गोड्या पाण्याचे तळे. मी नोकरीसाठी मुंबईत राहत असताना भावाने मला न विचारता त्यात भराव टाकला. त्या दिवसापासून आमचे बोलणे संपले. दर रविवारी मिस्सेला जायचो. आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, या अर्थाची प्रार्थना म्हणायचो आणि घरी यायचो.

मुलगी मला कॉव्हेंट्री शहरात घेऊन गेली. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर तासन्‌तास बॉम्ब टाकले. साडेपाचशेहून अधिक माणसे गेली. मध्ययुगातले सेंट मायकेल कॅथेड्रल जळाले. छत कोसळले, बाहेरच्या भिंती आणि उंच मनोरा तेवढा उरला.

राखेच्या त्या ढिगाऱ्यात जॉक फोर्ब्स नावाच्या पाथरवटाला दोन जळके वासे एकमेकांवर आडवे पडलेले दिसले. त्याने ते बांधले आणि क्रूस म्हणून उभे केले. छताचे जुने, हातांनी घडवलेले खिळेही तिथे विखुरले होते. आर्थर वेल्स या धर्मगुरूंनी त्यातले तीन खिळे जोडून लहानसा क्रूस केला. ढिगारा सगळ्यांनीच पाहिला असेल. या दोघांनी त्यात आणखी काही पाहिले. सर्जनशील नजर म्हणतात ती मला तिथे समजली. समोरचे नाकारायचे नाही, पण समोर आहे तेवढ्यावर थांबायचेही नाही.

कॅथेड्रलचे प्रमुख होते रिचर्ड हॉवर्ड. त्याच वर्षीच्या नाताळात ते त्या भग्न भिंतींमधून रेडिओवर बोलले. सूडाचा विचार मनातून काढायचा आणि युद्ध संपल्यावर आजच्या शत्रूंना बरोबर घेऊन अधिक प्रेमळ जग घडवायचे, असे त्यांनी सांगितले. ज्यांची माणसे नुकतीच मातीत गेली होती, त्यांना हे ऐकताना काय वाटले असेल!

युद्धानंतर हॉवर्ड यांनी वेदीमागच्या भिंतीवर दोन शब्द कोरवून घेतले : 'बापा, क्षमा कर.' क्रुसावरून येशूने आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, हे आपल्याला माहीत आहे. पण या भिंतीवर 'त्यांना' हा शब्द नाही. तो मुद्दामच गाळला आहे. क्षमेची गरज फक्त समोरच्याला आहे असे नाही, मलाही आहे, असा त्याचा अर्थ. त्याआधी १९४५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी जर्मनीतल्या ड्रेस्डेनची राख केली. तिथे सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. तो गाळलेला शब्द किती खरा होता!

तिथली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बेसिल स्पेन्स या वास्तुविशारदाने नवे कॅथेड्रल जुन्याच्या शेजारी बांधले. १९६२ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुले झाले. जुने अवशेष पाडले नाहीत. नव्या इमारतीच्या भव्य काचभिंतीतून ते समोर दिसतात. क्षमा करायची म्हणजे जखम पुसून टाकायची, झालेच नाही असे म्हणायचे, असे नाही. भिंती भग्न आहेत, त्या तशाच दिसू द्यायच्या. पण त्यांच्या शेजारी नवे काही उभारायचे. १९६५ मध्ये कॉव्हेंट्रीहून तरुण मुले ड्रेस्डेनला गेली आणि तिथल्या उद्ध्वस्त रुग्णालयाच्या उभारणीत राबली. ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्शे हे चर्च २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले. त्याच्या घुमटावरचा क्रूस लंडनच्या ॲलन स्मिथ या कारागिराने घडवला. त्याचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांपैकी एक होते.

मी त्या दोन शब्दांसमोर बराच वेळ उभा होतो. मला बावखल आठवले आणि त्याबरोबर आणखी काही आठवले. आई तीन वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिचे सगळे भावाने आणि भावजयीने केले. मी महिन्यातून एकदा जाऊन फळे ठेवून येत होतो. भावाचे जे चित्र मी मनात काढले होते, त्यात ही तीन वर्षे नव्हती. माझा स्वतःचा टवकाही नव्हता.

परत आल्यावर मी वाडीवर गेलो. भाऊ केळी तोडत होता. मी बोलायला तोंड उघडले आणि अकरा वर्षे घोकलेली वाक्ये आठवेनात. एवढेच म्हणालो, "आईचं सगळं तूच केलंस. मी कधी बोललो नाही." तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, बावखलाचं तुला विचारायला हवं होतं." भावजयीने चहा आणला. आम्ही प्यायलो.

बावखल परत आले नाही, येणारही नाही. तिथून जाताना आजही मला वाईट वाटते. क्षमा केली म्हणून ते वाटायचे थांबत नाही. पण आता मी तिथून जातो, आणि पुढे भावाचे घर आहे, तिथे बसतो.

श्रोतेहो, तुमच्याही मनात कुणाचे तरी एक चित्र पक्के काढून ठेवलेले असेल. आज ते जरा बाजूला ठेवा आणि त्या माणसाकडे पुन्हा एकदा नीट बघा.