कळसाची चमक



काल याच व्यासपीठावरून विश्वाच्या उत्पत्तीचा विचार झाला. आज आपणांस एकदम चिंच-राखेवर उतरायचे आहे. विषय लहान वाटेल. पण तांबे घासून घासून मी एकदा बरेच नुकसान करून ठेवले आहे, आणि अशा माणसाने त्या विषयावर बोलण्यास हरकत नसावी.

आम्ही अंधेरीला राहत होतो तेव्हा मागच्या पडवीत तांब्याचा बंब असे. दर शनिवारी आई तो चिंचेने घासायची. काळपट, तपकिरी बंब पाच मिनिटांत गुलाबी होई आणि आम्हां मुलांना तो चमत्कार वाटे. चमत्कार काही नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तांब्यावर पातळ थर बसतो, आधी लालसर, मग काळा. चिंचेतले टार्टारिक आम्ल किंवा लिंबातले सायट्रिक आम्ल तो थर विरघळवते आणि मिठाची चिमूट त्या कामाला हातभार लावते. खाली ताजे तांबे उघडे पडते. उघडे पडते, हा शब्द लक्षात ठेवा. आई बंब घासल्यावर दोन-तीन तांबे पाणी ओतून लगेच कोरड्या फडक्याने पुसायची. एकदा मी पुसायचा कंटाळा केला, तर दुसऱ्या दिवशी बंबावर हिरवे ओघळ. आंबट आणि मीठ मागे राहिले की ते आपले काम चालूच ठेवतात.

पण बंब छपराखाली होता. उघड्यावरच्या तांब्याची गोष्ट निराळी. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारणपणे २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो. पश्चिमेला वर्सोव्यापासून गोराईच्या खाडीपर्यंत खारी हवा, पूर्वेला घाटकोपर-मुलुंडला ठाण्याची खाडी, शिवाय गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर. अशा हवेत राहिलेले तांबे तपकिरी होते, काळे होते आणि काही वर्षांनी हिरवे होऊ लागते. धुरातल्या गंधकामुळे एक प्रकारचा हिरवा क्षार होतो, समुद्राच्या मिठामुळे दुसऱ्या प्रकारचा. आपण सरसकट त्याला जंगाल म्हणतो आणि लोखंडाच्या गंजाचा भाऊ समजतो. चूक इथेच होते. लोखंडाचा गंज पोकळ असतो. तो सुटून पडतो आणि खालचे लोखंड पुन्हा खाल्ले जाते. तांब्यावरचा घट्ट बसलेला थर मात्र खालच्या धातूचे पांघरूण होतो.

याचा मोठा दाखला न्यूयॉर्क बंदरात उभा आहे. तेथील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ साली उभारला तेव्हा तांबूस होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो हिरवा झाला तेव्हा रंग फासण्याची कल्पना निघाली. लोकांनी विरोध केला आणि रंग टळला. पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाडीचा. शंभर वर्षांत त्याची झीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास झाली. त्या बाईंना दर शनिवारी चिंच लावली असती तर काय उरले असते, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता माझा अपराध. काही वर्षांपूर्वी बोरिवलीला आमच्या वसाहतीतल्या छोट्या देवळाचा वर्धापनदिन होता. कळस तांब्याचा, काळपट-हिरवा झालेला. सभेत एक देणगीदार म्हणाले, "अहो, यंदा कळस सोन्यासारखा दिसला पाहिजे." हात वर झाले, त्यांत माझाही होता. बांबूची परांची बांधली. रंगाऱ्याने न्हाणीघराच्या फरशा धुण्याचे ॲसिड आणले आणि दोन मुलांनी तारेच्या ब्रशाने कळस घासला. दुपारी बारापर्यंत त्याच्याकडे डोळे वर करून पाहवेना. फोटो निघाले, पेढे वाटले.

आषाढ लागला आणि कळस डागाळला. पूर्वीसारखा एकसारखा नव्हे, कोड फुटल्यासारखा. ब्रशाच्या प्रत्येक ओरखड्यात पाणी आणि ॲसिडचा अंश बसला होता. पांढऱ्या शिखरावरून हिरवे ओघळ उतरले. तांबटांच्या हातोडीचे जे बारीक ठोके, ज्याला मठारकाम म्हणतात, ते जागोजाग बुजले होते. हे ठोके नुसते शोभेचे नसतात; त्यांनी पत्रा कठीण होतो.

खरी गोष्ट पुढेच निघाली. पुढच्या वर्षी तांबट वर चढला. जुना, कामातला माणूस. त्याने रंगाकडे पाहिलेच नाही, बुडाशी नख घातले आणि म्हणाला, "काका, हा हलतोय." कळसाच्या आत लोखंडी गज होता. लोखंड आणि तांबे एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की विजेच्या घटासारखा प्रकार होतो आणि बिचारे लोखंड खाल्ले जाते. गंज लोखंडाहून कितीतरी जास्त जागा घेतो. तो फुगला आणि डाख उकलला. आमचे ॲसिड त्याच फटीतून आत गेले होते. खाली प्रदक्षिणेची वाट. लहान मुले तिथे पकडापकडी खेळतात. आम्ही सारे वर्षभर चमकेची चर्चा करीत होतो.

न्यूयॉर्कच्या बाईंचेही दुखणे हेच होते. आतील लोखंडी पट्ट्या आणि बाहेरचे तांबे यांच्यामध्ये लाखेत भिजवलेले ॲस्बेस्टॉसचे कापड घातले होते. ते निकामी झाले आणि पट्ट्या गंजल्या. १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत त्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. तेव्हाही स्वच्छतेची हौस अंगाशी आलीच: आतील डांबर काढायला खाण्याच्या सोड्याचा मारा केला, तो सांध्यांतून बाहेर झिरपला आणि बाहेरच्या हिरव्या थरावर डाग पडले. मोठ्यांच्याही चुका असतात, हे ऐकून मला जरा बरे वाटले.

तर मग घासूच नये काय? दारावरची तांब्याची पाटी अवश्य उजळा, ती हाताशी आहे. आधी साध्या साबणाच्या पाण्याने धूळ काढा. मग लिंबू-मीठ, आमसुलाचे पाणी किंवा पितांबरीसारखी पावडर मऊ फडक्यावर घेऊन चोळा. तारेची घासणी नको, फरशीचे ॲसिड तर मुळीच नको. भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा आणि वर मेणाचा पातळ हात द्या. तो दर पावसाळ्याआधी पुन्हा द्यावा लागतो. लाखेचे पारदर्शक रोगण अधिक टिकते, पण तडकले की तडकलेल्या जागीच काळे पडते आणि सगळे खरवडून काढावे लागते. पाटी पितळेची असेल तर आंबट फार वेळ ठेवू नका; त्यातले जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी दिसू लागते. अशी गुलाबी पितळ पाहून "काय स्वच्छ निघाली!" म्हणणारे मी पाहिले आहेत.

वस्तूवर सोन्याचा मुलामा असेल तर कोणतीही पावडर लावू नका, मुलामाच निघून येईल. पुतळ्यावर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर घरगुती उपाय थांबवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशा वस्तूंच्या जतनाचे काम होते, तेथील जाणत्यांना विचारा. विजेपासून रक्षण करणारी इमारतीवरची तांब्याची पट्टी कितीही काळी पडो, तिला चमक नको. तिचे सांधे आणि जमिनीतील जोड तेवढे तपासून घ्या.

आमच्या कळसाचा गज आता स्टेनलेस स्टीलचा आहे, मध्ये रबराची चकती आहे, डाख नवा आहे. रंगाला तांबटाने हात लावला नाही. कळस सध्या तीन रंगांचा दिसतो. देणगीदार भेटले की विचारतात, "चमक केव्हा आणणार?" मी त्यांना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर नेतो आणि बुडाचा सांधा दाखवतो. ते मान हलवतात आणि पुन्हा टोकाकडेच पाहतात.