निगडीचा पाला

श्रोतेहो, पुण्याजवळचे निगडी गाव आपणांस ठाऊक आहे. पण निगडी हे एका रानझुडपाचेही नाव. तीच आपली निर्गुडी. ओढ्याकाठी उगवते. पानाला बहुधा पाच दले, खालून पांढुरकी, वास उग्र. गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाला बरी. मुका मार लागला की घरोघरी हिचाच पाला गरम करून सुजेवर बांधतात. तिकडे चिनी वैद्य हिच्याच एका पोटजातीला ‘मुजिंग’ म्हणतात आणि तिच्या पानांचे तेल खोकल्यावर व कफावर देतात. गुरुजींनो, मुलांना ओढ्यावर नेऊन हे झुडूप ओळखायला शिकवा. मात्र हाड मोडले किंवा धाप लागली, तर पाल्यावर विसंबू नका. तडक दवाखाना गाठा.